जिगवर माल लावणाऱ्याचं स्किल मोजायचं कसं?

तिसरी_शिफ्ट (धागाकर्ता)

मंडळी, भोसरीत एका जॉबवर्क प्लेटिंग शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. झिंक आणि निकेल-क्रोमचा थर विजेने चढवतो. एकूण बावीस माणसं, त्यातली नऊ फक्त जिग (नग अडकवायची हुकांची चौकट, तिच्यासकट माल टाकीत बुडतो) भरतात आणि उतरवतात.

मागच्या आठवड्यात ग्राहकाचा ऑडिटर आला होता. भिंतीवर आमचं स्किल मॅट्रिक्स लटकलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक नावापुढे एक गोल, गोलाचे चार भाग, जितकं काम येतं तितके भाग काळे. आमचे नऊच्या नऊ गोल पूर्ण काळे होते. (ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी चहा पीत पीत मीच काळे केले होते. कबुली आत्ताच देऊन टाकतो.) ऑडिटर मॅट्रिक्सकडे बघून हसला, सरळ लोडिंगला गेला आणि एका मुलाच्या हातातल्या जिगकडे बोट दाखवून म्हणाला, "हा कप तोंड खाली करून का लावलास?"

मुलगा म्हणाला, "साहेब, असाच लावतात."

एनसी (नियमात बसत नसल्याची लेखी नोंद) पडली. कौशल्याचं मूल्यमापन कशाच्या आधारावर केलं ते दिसत नाही, असा शेरा. खोटं नाही लिहिलं त्याने.

आता उत्तर द्यायला महिना आहे. लेखी परीक्षा घेऊन फाईल करता येईल, पण तो पुन्हा आला की पुन्हा तेच होणार. तुमच्याकडे खरंच कोणी ही परीक्षा घेतं का? काय बघायचं, कोणी बघायचं? आणि तीन महिन्यांत ठेकेदार माणूस बदलत असेल तर बघून उपयोग काय?

गंजलेला_बोल्ट

"असाच लावतात" हे उत्तर आमच्या प्लँट हेडला दिलं असतं तर त्यांनी मुलाला सुपरवायझर केलं असतं.

व्हॅटकाका

तिसरी_शिफ्ट, मी कुर्ल्याच्या एका शॉपमध्ये निकेल-क्रोमवर चौतीस वर्षं काढली. आता बदलापूरला नातवंडं आणि गुडघे सांभाळतो. तेव्हा मॅट्रिक्स वगैरे नव्हतं, उस्ताद होते. परीक्षा मात्र होती.

नवीन पोरगा आला की उस्ताद त्याला साध्या पाण्याची बादली आणि एक नवा नग द्यायचे. रोजच्या कामातला नाही, त्याने कधी न पाहिलेला. म्हणायचे, "तारेत अडकव, बुडव, वर काढ." बस्स. तोंड खाली असेल तर बुडवताना आत हवा अडकते. वर काढल्यावर बोट घालून बघायचं, आत कोरडं लागतं. म्हणजे टाकीत तिथे निकेल पोचणार नाही, उलट प्लेटिंग चालू असताना सुटणारा हायड्रोजनही तिथेच जाऊन बसणार. तोंड वर असेल तर नग बादलीतून पेला भरून पाणी घेऊन येतो. तेच पाणी उद्या निकेलचं असेल, पुढच्या टाकीत जाईल, आणि मालक बोंब मारेल की निकेल सल्फेट इतकं कसं खपतं. आडवा, जरासा तिरका लावला की हवा पण निघते, पाणी पण निथळतं. ज्या पोराला तिसऱ्या खेपेला हे आपलं आपण कळलं तो टिकायचा. ज्याला पहिल्याच खेपेला कळलं तो दोन वर्षांत दुसऱ्या शॉपवाल्याने पळवलेला असायचा.

दुसरी परीक्षा हातात. भरलेला जिग उचलून एक झटका द्यायचा आणि कान द्यायचा. खुळखुळ वाजला तर पकड ढिली. ढिल्या पकडीत ठिणगी पडते, नग जळतो नाहीतर कोराच राहतो. क्रोमला तर क्षणभर करंट तुटला तरी पांढुरका डाग.

तिसरी गोष्ट शिकवायला सगळ्यात अवघड: टोकं जळतात, खोबण उपाशी राहते. करंट कडेला धावतो. म्हणून नगाची दिसणारी बाजू कुठे वळवायची, दोन नगांत किती बोटं सोडायची, कुठला नग दुसऱ्याच्या सावलीत जातोय, हे बघावं लागतं. जास्तीचा करंट खायला कडेला एक तार लावायची. आम्ही तिला 'चोर' म्हणायचो. उस्ताद म्हणत, चोर पाळायला शिकला की पोरगा प्लेटर झाला.

कोड_कामगार

मी आयटीवाला, चुकून धाग्यावर आलो आणि काकांचं वाचून बसलोच. आमची आई धुणं वाळत घालताना हेच शिकवायची. पँट कमरेकडून, शर्ट खालच्या शिवणीकडून, चादर दुमडायची नाही, एकावर एक नको. माझा गोल अजून पाव पण काळा नाही.

पावडर_पुसणारी

काकांना नमस्कार, पण एका गोष्टीवर भांडणार आहे.

मी वाळूजला पावडर कोटिंग लाईनवर सुपरवायझर आहे. आमच्याकडेही "उस्तादांचा कान" होता. ते दादा निवृत्त झाले आणि सहा महिने रिजेक्शन कशामुळे ते कोणालाच कळेना. त्यांच्या कानात काय होतं ते कोणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. माणूस गेला की कौशल्य गेलं, हे एका कारखान्याला परवडत नाही.

आमच्याकडे सगळा खेळ अर्थिंगचा. गन साठ-ऐंशी हजार व्होल्टवर पावडर भारून फेकते आणि ती नगावर बसते कारण नग हुकमधून, हुक कन्व्हेयरमधून जमिनीला जोडलेला असतो. हुकवर जुन्या पावडरचे थर भाजून बसले की ती वाट बंद. मग पावडर पातळ बसते, कोपऱ्यात शिरत नाही, पोरं गनचा जोर वाढवतात, संत्र्याच्या सालीसारखं फिनिश येतं आणि सगळे पावडर कंपनीला शिव्या घालतात.

मी परीक्षा अशी घेते. दहा हुक टेबलावर ठेवते, त्यातले चार खराब. दोन उघड खराब, दोन असे की बाकी सगळं चकचकीत पण नग टेकतो त्याच जागी थर. म्हणते, वापरायचे नाहीत ते बाजूला काढा. मग मेगर (विजेचा अडथळा मोजणारं मीटर) लावून दाखवते. एक मेगाओमच्या वर गेला तो हुक बाद. डोळ्याने निवडलेलं आणि मीटरने सांगितलेलं समोरासमोर. कोणाशी वाद होत नाही, मीटर कोणाचा मामा नाही.

बायका यात पुरुषांपेक्षा सरस निघतात, हा माझा अनुभव. ज्यांना पटत नाही त्यांनी टेबलावर या.

व्हॅटकाका

ताई, भांडण मान्य. मीटरही मान्य. पण मीटर लावावंसं वाटायला आधी शंका यावी लागते. ती कुठल्या मीटरने मोजणार?

गंजलेला_बोल्ट

🍿 सरका जरा, इथे बसतो.

अ‍ॅनोडाय_झालो

नाशिक, अंबड. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडायझिंग.

तुमच्याकडे पकड ढिली झाली तर डाग पडतो. आमच्याकडे पकड ढिली झाली तर खेळ खलास, कारण अ‍ॅनोडायझिंगचा थर स्वतःच वीज अडवतो. सल्फ्युरिकच्या टाकीत नग जरा सरकला, पकडीच्या जागी ऑक्साइड चढला की त्या नगाला पुढे करंटच नाही. बाहेर काढल्यावर बाकीचे रंग घेतात, हा फिका. परत स्ट्रिप करा (थर उतरवा), परत करा, आणि प्रत्येक वेळी थोडं माप उतरतं. थ्रेड असेल तर गेलाच.

अ‍ॅल्युमिनियमचा जिग वापरत असाल तर त्याच्यावरही थर चढतो. पुढच्या खेपेआधी कॉस्टिकमध्ये साफ करावाच लागतो. टायटॅनियमला ते लागत नाही, पण टायटॅनियमचा भाव ऐकून मालक कॉस्टिकच बरा म्हणतो.

परीक्षा म्हणाल तर आम्ही लावलेला नग अंगठ्याने वळवून बघतो. वळला की नापास. पण नुसतं इतकंच ठेवलं तर पोरं पक्कड घेऊन आवळतात आणि पातळ प्रोफाइल वाकतं. म्हणून दोन्ही बघावं लागतं: हलायला नको आणि उतरवल्यावर माप चुकायला नको. पकडीचा डाग कुठे चालेल ते ड्रॉईंगवर ग्राहकाकडून लिहून घ्या, नाहीतर लावणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं आणि शिव्याही त्यानेच खायच्या, असं चालतं.

अजून एक. आमच्याकडे नगावर पैसे होते. तासाला किती जिग भरले त्यावर. सगळ्यात वेगवान पोराचंच रिजेक्शन सगळ्यात जास्त. तो काय चुकीचं करत होता? आपण ज्याचे पैसे देत होतो तेच तो करत होता.

पिंपात_ओततो

आमच्याकडे बॅरल, म्हणजे टाकीत फिरणारं पिंप. लावायचं नाही, ओतायचं. कौशल्य शून्य. सुखी माणूस.

पावडर_पुसणारी

@पिंपात_ओततो, वॉशर ओता बरं जरा.

पिंपात_ओततो

ताई, दुखऱ्या नसेवर बोट. 😀 चपटे वॉशर एकमेकांना चिकटतात आणि आतल्या बाजू कोऱ्या राहतात. मग त्यात दुसऱ्या आकाराचा माल मिसळून फिरवतो. आणि हो, बॅरल गळ्यापर्यंत भरला की माल उलथत नाही, नुसता सरकतो. अर्ध्याच्या आत ठेवायचा हे शिकायला मला दोन वर्षं आणि एक ग्राहक लागला. शून्य मागे घेतो.

आयटीआय_मास्तर

उशिरा आलो, पण विषय माझाच. आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटर नावाचा ट्रेड आहे आणि मी प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून जातो. आमच्या परीक्षेत मुलगा द्रावणाचं मोजमाप करतो, करंट डेन्सिटीचा हिशेब करतो, हल सेलचा (द्रावण तपासायच्या छोट्या टाकीतला) पत्रा वाचतो. जिगवर माल लावणं मात्र "तयारी" या एका ओळीत जातं. कारखान्यात मात्र निम्मं रिजेक्शन त्याच ओळीत जन्मतं असं जुने विद्यार्थी सांगतात.

धागाकर्त्याला माझा सल्ला. चार भागांचा गोल ठेवा, पण प्रत्येक भागाचा अर्थ कामाच्या भाषेत लिहा. "बेसिक", "इंटरमीडिएट" लिहू नका. पहिला भाग: कोणी शेजारी उभं असताना नेहमीचा माल लावतो. दुसरा: एकटा लावतो. तिसरा: न पाहिलेला नग समोर आला तर कसा लावायचा ते ठरवतो आणि का ते सांगतो. चौथा: दुसऱ्याला शिकवतो आणि शिकवलेला माणूस दुसऱ्या भागापर्यंत पोचतो. नऊपैकी नऊ चौथ्यात असतील तर तुमच्याकडे शिकणारा कोणी नाही, सगळे गुरुजीच.

थिकनेस बघायचा मोह होईल. जिगच्या वर-खाली, आत-बाहेर मोजून फरक जास्त आला म्हणजे लावणारा कच्चा, असं. सावकाश. फरक रेक्टिफायरने (टाकीला करंट देणाऱ्या यंत्राने) येतो, अ‍ॅनोड संपल्याने येतो, जिगच्या तांब्याची जाडी कमी असल्यानेही येतो. तांब्याच्या एक चौरस इंच छेदाला साधारण हजार अँपियर हा जुना ठोकताळा. बारीक कांडीवर चाळीस नग लटकवले तर ती तापणार, यात लावणाऱ्याचा दोष कुठे?

चुंबकवाला

मास्तरांचं पटलं. एक आकडा मात्र सांगतो जो बऱ्यापैकी लावणाऱ्याचाच असतो. टाकीच्या तळाशी पडलेला माल.

आम्ही दर रविवारी दोरीला चुंबक बांधून तळ झाडतो. अ‍ॅसिड झिंकमध्ये पडलेला लोखंडी नग विरघळत राहतो, द्रावणात लोखंड वाढतं, मग प्लेटिंगवर काळपट छटा येते, पेरॉक्साइड घालून फिल्टर करत बसा. पहिल्या रविवारी पंचेचाळीस नग निघाले. प्रत्येक जिगवर नंबर आणि भरणाऱ्याच्या नावाचं टोकन लावायला सुरुवात केली, चार आठवड्यांत सहा-सातवर आलं. कोणाला ओरडावं लागलं नाही.

(पहिल्या रविवारी एक पाना आणि एक मोबाईलही निघाला. मोबाईल कोणाचा ते अजून कोणी सांगितलेलं नाही.)

गंजलेला_बोल्ट

मोबाईलला निकेल चढलं होतं का झिंक? रीसेल व्हॅल्यू वेगळी.

म्हापशाचा_मावसा

गमतीत बोलताय सगळे, पण आमच्याकडे कोणी हसत नाही. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. टाकीत साडेचारशे अंश सेल्सियसला वितळलेलं जस्त.

पाइपचं दोन्हीकडून तोंड बंद, भोक नाही, आत ओल राहिलेली, आणि तो जस्तात बुडवला तर? पाण्याची वाफ झाली की सुमारे १७०० पट जागा मागते. पाइप फुटतो, जस्त उडतं. मी एकदा वीस फुटांवरून बघितलंय. त्यानंतर बराच काळ दिवाळीत सुतळी बॉम्ब लावला नाही.

म्हणून आमच्याकडे लोडिंगच्या माणसाची खरी परीक्षा एकच. मालात मुद्दाम भोक नसलेला एक नग घालतो. भोकं असली तरी अशी की लटकवल्यावर हवा वरच्या कोपऱ्यात कोंडेल, असाही एक. तो माणूस बघतो, बाजूला ठेवतो आणि "हे लावणार नाही" म्हणतो का? बाकी साखळी, तार, कोन, सगळं शिकवता येतं. सुपरवायझर डोक्यावर उभा असताना, गाडी गेटवर उभी असताना "नाही" म्हणणं, ते ज्याला येतं त्याचाच गोल आम्ही पूर्ण भरतो.

पावडर_पुसणारी

@म्हापशाचा_मावसा, हे मी उद्यापासून उचलतेय. माझ्या दहा हुकांच्या परीक्षेत "दहापैकी चार काढा" असं सांगत होते. आता किती ते सांगणारच नाही. आणि एकदा दहाही चांगले ठेवीन.

परसात_पारिजात

जर्मनीत स्टुटगार्टजवळ असते, नवरा याच क्षेत्रात. इथे पृष्ठभागावर थर चढवण्याचा स्वतंत्र शिकाऊ अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांचा, काही शाळेत, काही कारखान्यात. नवरा म्हणतो, पहिले काही महिने शिकाऊ पोरांकडून नुसतं लटकवून घेतात आणि उतरवून घेतात, आणि उतरवताना कुठला नग का बिघडला ते त्यांनाच वहीत लिहायला लावतात. लावणारा आणि उतरवणारा वेगळा ठेवत नाहीत. तुमच्याकडे वेगळे असतात का?

तिसरी_शिफ्ट

वेगळे असतात. लावणारा पहिल्या शिफ्टचा, उतरवणारा दुसऱ्या शिफ्टचा. पहिल्याला त्याने काय बिघडवलं ते कधीच दिसत नाही. हे लिहिताना मलाच जाणवलं.

ठेका_नंबर_बारा

सगळं छान चाललंय. आता कडू बोलतो, उडवा हवं तर.

मी दहा वर्षं लोडिंगला होतो, चाकणला, आता रिक्षा चालवतो. भिंतीवर माझ्या नावापुढे पूर्ण काळा गोल. ऑडिटरला दाखवायला "हा आमचा एक्स्पर्ट". पगाराच्या मस्टरवर काय? अकुशल. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे तीन दर असतात. दहा वर्षं मी खालच्या दरावर. एका भिंतीवर कुशल, दुसऱ्या कागदावर अकुशल, माणूस एकच.

मला एकदा साहेबांनी शिकवायला सांगितलं नवीन पोरांना. मी नाही शिकवलं. का शिकवू? तुमची परीक्षा पास झालो तर काय मिळतं ते आधी सांगा, मग बादली आणा.

व्हॅटकाका

खरंय बाबा. आमचे उस्तादही सगळं शिकवत नसत. चोर कुठे लावायचा ते पाठ वळवून लावायचे. तेव्हा वाटायचं माणूस कद्रू आहे. आता कळतं, तेवढंच त्यांच्याकडे होतं.

अ‍ॅनोडाय_झालो

ठेका_नंबर_बारा, +१००. आमच्याकडे तिसरा भाग भरला की अर्धकुशलचा दर, असं एका दिवाळीनंतर सुरू केलं. मालक आधी तयार नव्हते. एका महिन्याच्या स्ट्रिपिंगचा खर्च कागदावर मांडला तेव्हा झाले. फार मोठी रक्कम नाही पगारात, पण चार पोरं टिकली आहेत.

कोड_कामगार

आमच्याकडेही सर्टिफिकेशन केलं की लिंक्डइनवर टाळ्या मिळतात. पगार तोच.

तिसरी_शिफ्ट

साडेतीन आठवड्यांनी परत आलोय. काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

बादली आणली. शेजारच्या स्टॅम्पिंगवाल्याकडून तीन नग मागून आणले जे आमच्याकडे कधी आले नव्हते: एक खोल कप, एक लांब पट्टी, एक ब्रॅकेट ज्याला एका बाजूला आंधळं (आरपार न जाणारं) भोक आहे. एका जिगवर मुद्दाम दोन हुकांची टोकं झिंक चढून गोळा झालेली ठेवली. काही सांगितलं नाही. नऊ जणांना एकेक करून बोलावलं.

ज्यांच्यावर माझा भरवसा होता ते आमचे सगळ्यात जुने, अकरा वर्षांचे दादा. त्यांनी कप तोंड वर करून लावला. मी मनात खूण केली, चुकलं. मग विचारलं का. म्हणाले, "तिरका लावला की या जिगवर तिसऱ्या कांडीला आपटतो. कांड्यांचं अंतर वाढवा असं दोनदा सांगितलंय. तोंड खाली केला तर आत कोरा राहील. त्यातल्या त्यात निकेल वाया गेलं तर चालेल, नग वाया जायला नको." मी जिग मोजला. खरंच आपटत होता. म्हणजे परीक्षा त्यांची घेतली आणि नापास मी आणि जिग बनवणारा. खूण खोडली.

चार महिन्यांपूर्वी लागलेली एक ताई आहे, आधी घरी इमिटेशन ज्वेलरीला तांब्याच्या तारा बांधायची. दोन्ही गोळा झालेले हुक पहिल्या मिनिटात बाजूला काढणारी ती एकटीच. इतरांनी एकेक काढला किंवा त्यावरच नग लावला. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी मी सगळे काळे करेपर्यंत तिचा गोल पावच काळा होता, कारण चारच महिने झालेत. मी वर्षं मोजत होतो.

नऊपैकी आता दोन गोल पूर्ण आहेत, तीन पाऊण, बाकी अर्धे. दोन जण चिडले, त्यांच्याशी बोलतोय. लावणाऱ्यांना आठवड्यातून एक दिवस उतरवायला पाठवायला लागलो. चुंबकही आणला (बावीस नग, मोबाईल नाही).

पगाराचं मालकांसमोर ठेवलं. "गोल भरला की खिसा पण भरायचा का?" असं म्हणाले. रिवर्कचा महिन्याचा हिशेब मागितलाय. तो काढतोय. नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. ठेका_नंबर_बारा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून त्याच फाईलला लावलाय, नाव न घालता.

ठेका_नंबर_बारा

नाव असतं तरी चाललं असतं. मस्टरवर होतंच.

आयटीआय_मास्तर

त्या ताईंना आमच्याकडे पाठवा, शिकाऊ उमेदवारीचं बघू. आणि अकरा वर्षांच्या दादांना जिग बनवणाऱ्यासमोर बसवा, कांड्या ते सांगतील तशा.

गंजलेला_बोल्ट

सगळं वाचलं. मूळ हिरोचं काय झालं? तो "असाच लावतात"वाला?

तिसरी_शिफ्ट

तो पाऊण गोलवाल्यांत आहे. परवा नवीन मुलगा लागला, त्याला हा कप लावायला दाखवत होता. मुलाने विचारलं, असा तिरका का? तर म्हणाला, "बादली आण."